कंदिलाची काच

वासुदेव सोनाराचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं हिंगणघाटच्या आसपास लोक म्हणायचे. म्हणणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज माझाच असायचा, पण ते एक सोडा. लग्न ठरलं की मांडवात दागिने तपासायला मला न्यायचे. बैलबंडीत गादी घालून न्यायचे, पहिल्या पंगतीला बसवायचे, जाताना टोपी-धोतर द्यायचे. मी पिशवीतून कसोटीचा दगड काढायचो, दागिना घासायचो आणि एकच शब्द बोलायचो. त्या शब्दावर एक व्याही मिशीला हात लावायचा, नाहीतर दुसरा खाली बघायचा. एवढी सत्ता हाती आली की माणसाची जीभ सैल होते. माझी मुळातच सैल होती, ती आणखी झाली.

सन अडतीसचा वैशाख होता. अल्लीपूरचे अण्णाजी म्हणजे गावातले मोठे कास्तकार. त्यांच्या केशवचं लग्न जामच्या हरिभाऊ गुरुजींच्या मुलीशी ठरलं होतं. मुलीचं नाव सुनीती. अण्णाजींच्या वऱ्हाडाबरोबर मीही जामला गेलो. गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवायचे. अंगात विटका कोट, बायको मागेच वारलेली, मूल एवढं एकच. त्यांनी दिलेलं सोनं मी घासून पाहिलं. कमी होतं, पण चोख होतं. मी तसं सांगितलं. मग गुरुजींनी कोटाच्या आतल्या खिशातून धुतलेल्या मलमलीची पुरचुंडी काढली.

आत एक जुनी अंगठी होती. घडण जुनी, सोनं पिवळंजर्द, आणि मधे हरभऱ्याएवढा काळाभोर खडा. खडा मागून सोन्यानेच बंद केलेला.

"माह्या मायची होय," गुरुजी म्हणाले. "तिच्या आज्याले भोसल्याईच्या कोन्या सरदारानं देल्ली होती. काळा हिरा होय हा."

मांडवात खसखस पिकली. काळा हिरा! हिरा कधी काळा असते काय, असं कोणीतरी मागून म्हणालं. अण्णाजी माझ्याकडे वळले. "वासुदेवराव, पाहून घ्या बरं."

मी अंगठी उन्हात धरली. मागून बंद केलेला खडा उन्हात धरून काय दिसणार, हे सोनाराच्या शेंबड्या पोरालाही कळेल. मलाही कळत होतं. पण मांडव तापला होता, पोटात कावळे ओरडत होते आणि दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. खडा चमकला नाही. माझ्या बापाने मला शिकवलेलं सगळं उजेडाचं होतं: हिरा म्हणजे लखलख. ही तर आंधळी वस्तू. मी पिशवीत हातही घातला नाही.

"गुरुजी," मी म्हटलं, "हा हिरा नाई. कंदिलाची काच होय. वात खाली कराले इसरलेत तुमी, म्हनून काजळी धरली."

असा हशा पिकला की बैल दचकले. मीही हसलो. आपल्याच विनोदावर मी नेहमीच सगळ्यांच्या आधी हसतो.

गुरुजी हसले नाहीत, भांडलेही नाहीत. "माह्या मायनं खोटं नाई सांगतलं," एवढंच ते म्हणाले, तेही इतक्या हळू की माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नसेल. मग त्यांनी स्वतःच्या हाताने ती अंगठी मुलीच्या बोटात घातली. सतरा वर्षांची पोर. तिने मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. नंतर पंगत बसली. बुंदीचे लाडू वाढायला माझ्या पानापाशी गुरुजीच आले आणि मी एकदाही नको म्हटलं नाही.

गावात विनोद लवकर मरत नाही. अल्लीपुरात सुनीतीला बाया कंदीलवाली म्हणायला लागल्या. जामला शाळेच्या भिंतीवर पोरांनी कोळशाने कंदील काढला. गुरुजींनी तो पुसला, पोरांनी पुन्हा काढला. खरं बोलावं असं रोज फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला लोक फसव्या म्हणत राहिले. पुढे ऐकलं की ते मुलीच्या सासरी पाय ठेवत नाहीत. एकोणपन्नास साली ते गेले. मला ते तेराव्यानंतर कळलं. वाईट वाटलं. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं, आणि ते वाईट वाटणंही संपलं.

छप्पनच्या माघात, भर दुपारी, सुनीतीबाई माझ्या दुकानाची पायरी चढली. मी ओळखलं नाही. पस्तिशीची कास्तकाराच्या घरची बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू, हात राबलेले. तिने डाव्या हाताची अंगठी साबण लावल्यासारखी फिरवत-फिरवत काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मग ओळखलं. बाईला नाही, आधी अंगठीला.

"माह्या पद्माचं लगन हाये फागुनात," ती म्हणाली. "हे तिले द्याची हाये. तिचं बोट बारीक हाये. लहान करून द्या."

"बाई, जुनी घडन हाये. खडा काढा लागन, मंग कापा लागन."

"हो, मालूम हाये. कानस लावा लागन ना?"

"लावा तर लागनच."

"लावा मंग." ती उठली. "लग्नाच्या दिवशी घेऊनच येजा. मामंजी तुमालेच बोलावून राह्यले दागिने पाह्याले. दुसऱ्या कोनावर त्याईचा भरवसा नाई."

शेवटचं वाक्य तिने टोमणा म्हणून म्हटलं की साधंच, ते मला त्या वेळी कळलं नाही. ती गेल्यावर मी अंगठी डबीत टाकली आणि चार दिवस तिकडे बघितलंच नाही. जुनी लाज असते ना, ती अशीच डबीत बरी वाटते.

पाचव्या दिवशी कामाला बसलो. खड्याखालची लाख फुंकणीने तापवली. काठाचं सोनं खड्यावर फार घट्ट दाबलेलं होतं म्हणून ते जरा उतरवायला विलायती कानस घेतली. दोन हात मारले. तिसऱ्या हाताला कानस सोन्यावरून घसरली आणि खड्यावरून करकरत गेली. मी जीभ चावली. म्हटलं, गेली गुरुजींची काच! पोरीच्या लग्नात आता मी काय तोंड दाखवू?

चष्मा वर करून पाहिलं. खड्यावर ओरखडा नव्हता. अंगठ्याने पुसलं, पुन्हा पाहिलं. काहीच नाही. मग कानस पाहिली. मधोमध तिचे दात गेले होते, वाळूवर घासलेल्या विळ्यासारखे.

नंतर उठून दुकानाचं दार लोटलं, कोणी येऊ नये म्हणून. गल्ल्यात एक फुटका माणिक पडला होता. काळ्या खड्याचं टोक त्याच्यावरून ओढलं. पांढरी रेघ उठली. माणकावर रेघ उठवणारा दगड जगात एकच. हे मला बाराव्या वर्षापासून ठाऊक होतं. जामच्या मांडवातही माझ्या पिशवीत माणिक होता. एक रेघ ओढायला किती वेळ लागला असता? लाडू गार झाले नसते.

तरी मन मानेना. माणसाला आपली चूक पटायला दुसऱ्याची साक्ष लागते. दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने नागपूर गाठलं. इतवारीत हिरालाल नावाचे जव्हेरी होते, सत्तरीचे. त्यांनी खडा चिमट्यात धरला, आणि माझ्यासारखा उजेडाकडे नेला नाही. कलता धरला, खिडकीला पाठ करून.

"काला हिरा आहे, वासुदेवभाई. आणि पुराना. जिंदगीत असे तीन पाहिले मी." त्यांनी खडा माझ्या तळहातावर ठेवला. "ह्याच्या आत नका बघू. आत काही नाही दिसणार. वरतून बघा."

मग मी पहिल्यांदा तो खडा खरा पाहिला. लहान-लहान तिकोनी पैलू, एकेकाची धार शंभर-दीडशे वर्षांनंतरही कालच घडवल्यासारखी. पांढरा हिरा उजेड घेतो आणि उधळतो. हा उजेड फक्त अंगावरून फिरू देत होता. ओल्या काळीत नांगराचा फाळ गेला की मातीचं ढेकूळ ज्या बाजूने कापलं जातं, ती बाजू अशीच चमकते. बघत राहावं असं वाटत होतं. लखलखणारी वस्तू एकदा पाहिली की पाहून होते, हिचं पाहणं संपत नव्हतं.

"पहिले लोक घाबरायचे," हिरालाल सांगत होते. "शनीचा म्हणायचे, नाहीतर मग राजे-सरदारच घालायचे. आता बंबईत बडे घरच्या बाया मागतात. नवी फॅशन. बीचमधे काला, बाजूला छोटे सफेद. काला असला ना, मग सफेद पण बोलायला लागतात." त्यांनी तशी एक नवी अंगठी काढून दाखवली. होती सुंदर. पण गुरुजींच्या मायच्या अंगठीत तो एकटाच होता आणि त्याला कोणाची सोबत लागत नव्हती.

परतीच्या गाडीत डोकं चालूच होतं. आपल्याकडचे लोक काळ्या रंगाला नाक मुरडतात, आणि लेकीसुनांच्या गळ्यात काळी पोतच बांधतात. काळी जमीन मिळावी म्हणून भाऊ भावाचं डोकं फोडतो. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर माझ्या दुकानातला सगळ्यात खरा दगड काळाच आहे. कसोटीचा. त्याच्या जिवावर मी तीस वर्षं मोठा झालो आणि दुसरा काळा दगड समोर आल्यावर त्याला कंदिलाची काच म्हणालो.

घरी आल्यावर कमलाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"मंग आता काय कराचं म्हनता?"

"तिले गुपचूप सांगून देईन. बाई, हिरा होय, संभाळून ठेवजा म्हनून."

"गुपचूप काऊन? त्या माणसाले काय गुपचूप नागवलं होतं तुमी?"

मी चिडलो. माझी पत कोणाच्या जिवावर आहे, उद्या लोक म्हणतील याला काच आणि हिरा कळत नाही, मग सोनं तरी कळतं कशावरून, असं बरंच बोललो. ती सूप उचलून पाखडायला लागली. तिची ही सवय फार वाईट आहे. भांडली असती तर बरं झालं असतं.

लग्नाच्या आठ दिवस आधी अण्णाजी स्वतः दुकानात आले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, हातात काठी. सोन्याचं काम पाहिलं, चहा घेतला आणि मग आवाज खाली करून म्हणाले, "वासुदेवराव, एक गोष्ट बोलाची होती. सूनबाई आयकून नाई राह्यली. थे कंदिलाची काच पोट्टीच्या बोटात घालतोच म्हनते. व्याही वर्धेचे हायेत, वासुदेवराव, सरकारी हापिसातले. त्याईनं इचारलं तं काय सांगाचं?"

"मंग?"

"तुमी आपले हिरा म्हनून सांगून देजा. काळा हिरा. तुमी म्हनलं का कोनी इचारत नाई. आमची अब्रू राह्यते."

अठरा वर्षांपूर्वी ज्या माणसाने पाहायला सांगितलं आणि मी हिऱ्याला काच म्हटलं, तोच माणूस आता काचेला हिरा म्हणा म्हणून विनवत होता. आणि वस्तू हिराच होती!

खोटं कशाला बोलू, माझ्या मनाला गुदगुल्या झाल्या. ही तर आपसूक चालून आलेली वाट. मांडवात हिरा म्हणायचं. शब्द खरा, अण्णाजी खूश, पोरीचा मान राहतो आणि माझी चूक कोणाला कळत नाही. अठरा वर्षांपूर्वीचं कोणाच्या लक्षात आहे? ज्यांच्या लक्षात आहे ते समजतील की सोनाराने यजमानाची अब्रू राखली. साप मरतो आणि काठीही मोडत नाही. मी अण्णाजींना म्हटलं, "फिकर नका करू."

कमलाबाईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मंग गुरुजी फसवेच राह्यले ना?"

लग्नाच्या सकाळी अल्लीपूरला पोचलो. आंब्याच्या डहाळ्या लावलेला मांडव, वर्धेहून आलेले कोट-टोपीवाले कारकून, आणि जामहून आलेली दहा-बारा माणसं, एका कडेला. पद्मा आईसारखीच दिसत होती. सुनीतीबाई तिच्या मागे उभी होती. मी एकेक दागिना घासला, एकेक शब्द बोललो. शेवटी अंगठी काढली. मी ती लहान केली होती, पण पैलूंना हात लावला नव्हता. जुनं होतं तसंच ठेवून फक्त खडा कोरड्या कापडाने पुसला होता.

नवऱ्या मुलाचे वडील पुढे वाकले. "हा काळा खडा कशाचा?"

अण्णाजी माझ्याकडे बघत होते.

"हिरा," मी म्हटलं. "काळा हिरा."

"वा!" कारकून मंडळी म्हणाली. अण्णाजींनी समाधानाने काठी टेकली. संपलं होतं. मी कसोटीचा दगड पिशवीत टाकला. आणि उठता-उठता माझी नजर सुनीतीबाईकडे गेली.

अठरा वर्षांपूर्वी तिने जसं पाहिलं होतं, तसंच ती पाहत होती. मग तिने मान फिरवली आणि आत जायला वळली. मागे जामच्या माणसांतला एक म्हातारा शेजाऱ्याला हळूच म्हणत होता, "सोनार भला मानूस हाये. झाकून नेलं त्यानं." मला कोणी थोबाडीत मारली असती तरी इतकी लागली नसती. मी हिऱ्याला हिरा म्हटलं होतं आणि ते साफ खोटं होतं.

"थांबा बाई," मी ओरडलो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. वाजंत्रीवालेही थांबले.

"मंडळी," मी म्हटलं, "अडतीस साली जामच्या मांडवात याच अंगठीले मी काच म्हनलं होतं. कंदिलाची काच. तुमच्यातले कित्येक जन हासले होते. मी सगळ्यात पहिले हासलो होतो. खडा मी तपासलाच नव्हता. पिशवीत हात नाई घातला. भूक लागली होती अन् शेखी मिरवाची होती. हरिभाऊ गुरुजी खरे होते. त्याईची माय खरी होती. खोटा मी होतो. आज अण्णाजीनं सांगतलं म्हनून मी हिरा म्हनत नाई. कानशीचे दात गेले माह्या, अन् नागपूरच्या जव्हेऱ्यानंही पाह्यला, म्हनून म्हनतो."

अण्णाजी काठीकडे बघत राहिले. मग तो जामचा म्हातारा उठला. त्याचं नाव प्रेमदास; गुरुजींच्या शेजारी त्याचं घर होतं. "सोनारबुवा," तो म्हणाला, "तवा काच म्हनलं, आज हिरा म्हनता. आमी कोन्तं खरं मानाचं? जीभ तं एकच हाये तुमची."

बरोबर होतं त्याचं. माझा शब्द तर मीच आत्ता मोडून ठेवला होता. "एखादी काच आना," मी म्हटलं. "फुटकी चालन. रेघ ओढून दाखवतो."

"काच कशाले फोडता?" सुनीतीबाई म्हणाली. ती आत गेली आणि भिंतीवरचा आरसा काढून घेऊन आली. लाकडी चौकटीचा, हातभर उंचीचा, लग्नात मुलीला देतात तसला. तिने तो माझ्या हातात दिला. खालच्या कोपऱ्यात, कुंकू लावताना बाईची हनुवटी दिसते तिथे, बारीक अक्षरं कोरलेली होती. वळणदार, शाळामास्तरच्या मुलीची.

बाबा खरे.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. इथे आरसाच लागला.

"लगन होऊन आली त्याच महिन्यात याच खड्यानं कोरलं," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. "काचेनं काच कापत नाई, येवढं बाबानंच शिकवलं होतं. सासूबाईले दाखवलं. त्या म्हनल्या, नवा आरसा खराब केला. याईले दाखवलं," तिने नवऱ्याकडे, केशवकडे, पाहिलं, "हे म्हनले, सोनारापेक्षा तुले जास्त समजते काय?"

केशव खाली बघत होता.

"कान सोनारानंच टोचा लागते म्हनतात," ती म्हणाली. "म्हनून अंगठी तुमच्याचपाशी आनली. दुसरा सोनार का नव्हता काय? पन कानस तुमच्याच हातानं लागाले पाह्यजे होती."

पद्माचं बोट बारीक होतं हे खरं. पण वर्धेच्या रस्त्यावर चार सोनार होते, हेही खरंच. या बाईने अठरा वर्षं वाट पाहिली होती, माझ्या हाताला माझी चूक लागावी म्हणून. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"गुरुजींले दाखवला होता काय हा आरसा?" मी विचारलं.

ती पदराने आरशाची चौकट पुसत राहिली.

"बाबाले दाखवाचा होता," ती म्हणाली. "मले हा आरसा घेऊन माहेरी जाऊ देल्लं नाई. किती कागदं टाकले, येऊन जा म्हनून. हिऱ्यानं काच कापली हे कागदात लिहून पटते काय? बाबा आलेच नाईत. मले इथं कंदीलवाली म्हनतात, थे आपल्याच पायी झालं असं वाटे त्याईले. शेवटी-शेवटी म्हने, प्रेमदासभाऊले इचारत, माय खोटं बोलली असन काय रे?"

प्रेमदासने मान डोलवली आणि धोतराच्या सोग्याने डोळे टिपले. वर्धेचे व्याही टोपी काढून हातात धरून बसले होते. कशासाठी ते त्यांनाही कळलं नसेल.

मी म्हटलं, "बाई, मी काय करू सांगा." याहून जास्त मला काही सुचलं नाही. गेलेल्या माणसापाशी चूक कबूल करायची सोय नाही, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

तिने माझ्या हातून अंगठी घेतली. पद्माला पुढे बोलावलं. पोरीच्या बोटात घालताना ती अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "पद्मा, हे तुह्या पणजीची. हरिभाऊ गुरुजीच्या मायची. काळा हिरा होय. कोनी इचारलं तं असंच सांगजो." पद्माने हात वळवून खडा बघितला, मग उन्हात न धरता सावलीतच कलता केला. पोरीला कोणी शिकवलं नव्हतं. कदाचित आईने शिकवलं असेल. त्या काळ्या पैलूवर मांडवाची हिरवी पानं सरकून गेली आणि मी बघत राहिलो.

वाजंत्री सुरू झाली, लग्न लागलं. पंगत बसायला लागली तसा मी पिशवी उचलली आणि मागच्या दाराने निघालो. पहिल्या पंगतीला बसायचं तोंड मला नव्हतं. आडापाशी सुनीतीबाईने गाठलं.

"कुठी चालले?"

"घरी जातो, बाई."

"उपाशी?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"त्या दिवशी बाबा जेवले नव्हते," ती म्हणाली. "सगळ्याईले वाढलं, तुमाले वाढलं, अन् मंग भांडे घासाले बसले. मी बंडीत बसतवरी पाहून राह्यली होती. जेवलेच नाईत."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि कट्ट्यावर ठेवली. मला परत मांडवात आणलं, प्रेमदासच्या शेजारी पाटावर बसवलं. पान मांडलं. बुंदीच्या लाडवांचं ताट घेऊन ती स्वतः आली, आणि एक नाही, दोन लाडू माझ्या पानात ठेवले.

"बसा, पोटभर जेवा," ती म्हणाली. "एक तुमचा, अन् एक बाबाच्या वाटनीचा."

मी आधी दुसरा उचलला. तो खाताना वेळ लागला. ती समोर उभी होती, शेवटचा घास जाईपर्यंत.